माशांचा कुर्सीनामा

पैनगंगा उत्तरेकडून, वर्धा आणि प्राणहिता पूर्वेकडून आणि गोदावरी दक्षिणेकडून ज्याची सरहद्द आखतात तो जुना आदिलाबाद जिल्हा, म्हणजे २०१६ साली त्याचे चार जिल्हे झाले त्यापूर्वीचा, सरकारी दप्तरांत आला तो सागवानाच्या उत्पन्नासाठी, गोंड राजांच्या इतिहासासाठी आणि बेल्लमपल्लीच्या कोळशासाठी; त्याच्या पाण्यात कोणकोण नांदते आणि त्यांचे एकमेकांशी नाते काय, ही चौकशी मात्र तुकड्यातुकड्यांनी आणि बहुधा दुसऱ्याच कामाच्या निमित्ताने होत आली. वारसाचा वाद उभा राहिला की तहसीलदार कुर्सीनामा मागतो, आणि मग मूळ पुरुष कोण, दत्तक कोण, निर्वंश झालेली शाखा कोणती, हे सारे एका कागदावर येते. या मुलखातल्या माशांचा असा कुर्सीनामा तयार होण्यास पावणेदोनशेहून अधिक वर्षे लागली. आणि तो जसजसा नेमका होत गेला तसतशी खुद्द पक्षकारांच्या वंशांची सरमिसळ करण्याची व्यवस्थाही दुसऱ्या बाजूने सिद्ध होत गेली, ही या मागोव्यातली मुख्य हकीकत.

कालक्रमाने पहिले नाव कर्नल विल्यम हेन्री साइक्स याचे. मुंबई सरकारच्या चाकरीत दख्खनची सांख्यिकी जमवीत असता त्याने पक्षी पाहिले, पिके पाहिली, आणि १८३९ साली दख्खनच्या माशांचे वर्णन लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळातर्फे प्रसिद्ध केले. त्याची पाहणी मुख्यतः भीमेच्या खोऱ्यातली. तरी कृष्णा आणि गोदावरी या दोन्ही खोऱ्यांतले पुष्कळ मासे समाईक असल्यामुळे आदिलाबादच्या माशांचीही पहिली शास्त्रीय ओळख तीच ठरली. लॅटिन नावे बनवताना त्याने लोकांच्या तोंडची नावे तशीच उचलली, त्यामुळे शिंगाळा, घोगरा, खुडरी, सांडखोल ही मंडळी आजही जगभरच्या संग्रहालयांत आपापल्या मराठी नावांनी ओळखली जातात. आणि ‘रोहटी’ हे तर एका अख्ख्या प्रजातीचे नाव झाले, जिच्यात एकच जाती आहे आणि ती कृष्णा-गोदावरीबाहेर सापडत नाही.

याच साइक्सने १८५१ साली लंडनच्या भूगर्भशास्त्र मंडळापुढे दख्खनच्या पठारावरचा एक अश्मीभूत मासा ठेवला, त्याचे वर्णन सर फिलिप एगर्टन याने केले आणि त्याला ‘लेपिडोटस डेक्कनेन्सिस’ असे नाव पडले. हा मासा प्राणहितेच्या पैलतीरावरच्या कोटा गावचा. ते गाव आज गडचिरोली जिल्ह्याच्या सिरोंचा तालुक्यात मोडते. तेथल्या चुनखडीच्या थरांत, जुरासिक काळातल्या एका अंतर्देशीय जलाशयाच्या तळाशी, हे मासे गाडले गेले होते. त्यांचे खवले आजच्या रोहूच्या खवल्यासारखे पातळ, गोल आणि नखाने सुटणारे नव्हेत. जाड, चौकोनी, लकाकत्या मुलाम्याचे आणि फरशीप्रमाणे एकाला एक लागून बसलेले, असे ते चिलखत होते, आणि त्या धाटणीच्या माशांचे जिवंत आप्त आता उत्तर अमेरिकेतल्या गार माशांतच पाहावयास मिळतात. पुढे १९७४ साली भारतीय सांख्यिकी संस्थेच्या एस. एल. जैन यांनी कोट्याच्याच थरांतून एक सीलाकँथही वर्णिला.

परंतु माझ्या मते खरा ठेवा अलीकडच्या तीरावरचा, आदिलाबादच्या हद्दीतला. मलेरी गावाजवळच्या, ट्रायासिक काळातल्या तांबड्या मातीच्या थरांतून नागपूरचे पाद्री स्टीफन हिस्लॉप आदींच्या खटपटीमुळे जे अवशेष उजेडात आले त्यांत काही चमत्कारिक दात होते: सुळा नव्हे, दाढ नव्हे, तर एका कडेने कंगोरे फुटलेली, उघडलेल्या पंख्यासारखी दिसणारी जाड पाटी. थॉमस ओल्डहॅम याने १८५९ साली भारतीय भूगर्भ सर्वेक्षणाच्या ग्रंथमालेत हे दात ‘सेराटोडस’ या फुप्फुसमाशाचे म्हणून प्रसिद्ध केले, आणि त्यांपैकी एका जातीला हिस्लॉपचे नाव दिले. हा मासा दिसतो कसा हे त्या घटकेला कोणालाच ठाऊक नव्हते. अकरा वर्षांनी, १८७० साली, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या नदीत तशाच दातांचा जिवंत मासा असल्याचे सिडनीच्या क्रेफ्टने जाहीर केले, तेव्हा मलेरीच्या दातांना जणू तोंड मिळाले. या ऑस्ट्रेलियन माशाचा संपूर्ण जनुकसंच २०२१ साली वाचून झाला. त्यात सुमारे ४३ अब्ज अक्षरे निघाली, मनुष्याच्या जनुकसंचात ती सुमारे तीन अब्ज असतात. जमिनीवरच्या चतुष्पादांचे आजचे सर्वांत जवळचे जलवासी आप्त हे फुप्फुसमासेच, हेही जनुकांच्या साक्षीने शाबीत झाले आहे. तात्पर्य, मलेरीच्या त्या माशाचे नाते ताटातल्या रोहूपेक्षा रोहू खाणाऱ्याशी अधिक निकटचे होते.

मात्र हे जुने रहिवासी आजच्या माशांचे पूर्वज नव्हेत. ती शाखा येथे निर्वंश झाली. कार्प कुलातले मासे, ज्यांत रोहू, कटला, कोळशी, खुडरी आणि सांडखोल हे सारे येतात, गोंडवनाच्या भूखंडाबरोबर आलेले नसून, भारतभूमी आशियाला भिडल्यानंतर आशियाच्या बाजूने खाली उतरले. कोणत्या वाटेने, हा वाद मोठा आहे. प्राणिसर्वेक्षणाचे सुंदरलाल होरा यांनी १९४० च्या दशकात असे मत मांडले की, आसामकडच्या डोंगरांतले प्रवाहप्रिय मासे हिमयुगातल्या आर्द्र काळात विंध्य-सातपुड्याच्या रांगेने पश्चिमेकडे सरकत सह्याद्रीत पोचले, आणि म्हणून दक्षिणेतल्या काही माशांचे सगेसोयरे गंगेत न सापडता मलायात सापडतात. सांडखोल हे त्याचे उत्तम उदाहरण: ‘थिन्निक्थिस’ या प्रजातीतले त्याचे इतर भाऊबंद मलाया, सुमात्रा, बोर्निओ आणि हिंदी-चीनच्या नद्यांत, आणि हा एकटाच कृष्णा-गोदावरीत. होरांची उपपत्ती बांधेसूद होती यात संशय नाही. परंतु जनुकांच्या फरकांवरून काळ मोजण्याची रीत निघाल्यावर अनेक गटांची फारकत हिमयुगाहून पुष्कळच जुनी निघू लागली, आणि सर्वांना एकाच वाटेने चालवण्याचा आग्रह अभ्यासकांना सोडावा लागला.

होरांच्याच काळात हैदराबादेत एम. रहीमुल्ला आणि एस. महमूद यांनी संस्थानातल्या माशांची जिल्हावार पाहणी हाती घेतली, आणि तिचे भाग मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आले. त्यांपैकी १९४७ चा भाग निजामाबाद जिल्ह्याचा, म्हणजे आदिलाबादच्या समोरच्या गोदाकाठाचा. पोलीस कारवाईच्या आधीच्या त्या अस्वस्थ वर्षात कोणी माशांचे काटे आणि खवले मोजीत बसले होते, याचे मला कौतुक वाटते. शिवाय ही यादी आणखी एका कारणाने मोलाची: गोदावरीवर मोठे धरण होण्यापूर्वीची ती साक्ष आहे.

१९५६ साली भाषावार रचनेत आदिलाबादचे किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले. माशांना त्याचे सोयरसुतक नव्हते. त्यांच्या दृष्टीने खरी फाळणी झाली ती बांधांनी: आधी कडेम नदीवर, आणि मग २६ जुलै १९६३ रोजी पंडित नेहरूंनी ज्याची कोनशिला बसवली त्या पोचमपाडच्या धरणाने, जे पुढे श्रीराम सागर म्हणून नावारूपाला आले. वाहत्या पाण्यात, खडकावर चिकटून शेवाळ खरवडणाऱ्या मळ्यासारख्या माशाला सागर काय करायचा? पावसाळ्याच्या पहिल्या लोंढ्याबरोबर वर चढून अंडी घालणाऱ्यांची वाटही अडली. गोदावरीवरच्याच बाभळी बंधाऱ्याच्या तंट्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवण्याचा निवाडा दिला तो दोन राज्यांच्या पाणीवाटपासाठी. पण नदीतल्या विणीचा हंगाम नेमका त्याच मुदतीत पडतो, हा माशांना अनायासे मिळालेला दिलासाच म्हणावा लागेल.

सागर झाले तेव्हा त्यांत मासे सोडणे ओघानेच आले, आणि त्याची सोय १० जुलै १९५७ रोजी ओरिसातल्या अंगुल येथे होऊन गेली होती. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूखालच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांची वीण बंदिस्त पाण्यात घडवून आणली. तोवर मत्स्यजिरे नदीतून गोळा करीत. आता ते हौदात हुकमी मिळू लागले. या शोधाने लक्षावधी लोकांच्या पानात मासा आला, हे निर्विवाद. पण बीज केंद्रातली रीत पाहण्याजोगी आहे. जागा, पाणी आणि रात्र यांची बचत व्हावी म्हणून कटला, रोहू आणि मृगळ यांच्या नर-माद्यांना एकाच सायंकाळी टोचून एकाच गोल हौदात सोडतात. पहाटेपर्यंत अंडी आणि रेत एकाच फिरत्या पाण्यात मिसळतात, आणि कोणत्या अंड्याला कोणाचा बाप लाभला हे पाणीच जाणे. तिघांचीही गुणसूत्रे ५०, म्हणून त्यांची मिश्र संतती खेचरासारखी वांझ न निघता पुढे वाढते. कटल्याहून लहान डोक्याचा आणि रोहूहून भरल्या अंगाचा असा मासा जाळ्यात आला की कोळी त्याला कटला म्हणतो की रोहू, हे त्या दिवशीच्या भावावर अवलंबून. पुढच्या हंगामात हाच मासा जनक म्हणून हौदात गेला तर दोष पिढीजात होतो. भारतातल्या बीज केंद्रांत अशी मिसळ झाल्याचे जनुकीय तपासणीत दिसून आले आहे.

गंमत अशी की, ज्या जनुकीय अभ्यासाने ही भेसळ पकडली त्यानेच कटला आणि रोहू हे मुळात किती जवळचे हेही दाखवले. हॅमिल्टनने १८२२ साली गंगेतले हे दोन्ही मासे वर्णिल्यानंतर कटल्याला दीर्घकाळ स्वतंत्र प्रजातीचा मान होता. आता तो रोहूच्याच ‘लेबिओ’ प्रजातीत दाखल झाला आहे. वंशशुद्धीचा बाऊ करू नये हे मला मान्य आहे; भुवनेश्वरच्या मत्स्यशेती संशोधन संस्थेने गंगा, यमुना, गोमती, सतलज, ब्रह्मपुत्रा अशा नद्यांतले रोहू जाणूनबुजून एकत्र आणून ‘जयंती’ हे जलद वाढणारे वाण सिद्ध केले, तीही मिसळच. मात्र तेथे प्रत्येक जोडीची नोंद आहे, आणि हौदातल्या रात्रीची नाही. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात काही हजार वर्षांत सिक्लिड माशांच्या शेकडो जाती निर्माण झाल्या, आणि पाणी गढूळ होऊन मादीला नराचे रंग दिसेनासे झाले तेव्हा त्या एकमेकींत विरघळू लागल्या. तेथे गढूळ पाण्याने जे केले ते येथे काटकसर करते.

लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन केंद्राने आणि इतरांनी आता भारतीय नद्यांतल्या माशांच्या एका विशिष्ट जनुकातली साडेसहाशेच्या आसपास अक्षरे नोंदवून ठेवली आहेत. परातीतल्या माशाच्या पराचा तुकडाही जात सांगण्यास पुरतो. अडचण एकच, की हे जनुक आईकडूनच येते, त्यामुळे कटला-रोहूच्या संकराला ते आईच्याच जातीचा दाखला देते. बापाचा शोध घ्यायचा तर केंद्रकातली जनुके वेगळी तपासावी लागतात.

तेलंगण शासनाने मरळीला, तेलुगूत जिला कोर्रमेनू म्हणतात, राज्यमत्स्याचा मान दिला. ती बाजारात जिवंत विकली जाते आणि भाव खाते. तळ्यात तिच्या पिलांचा नारंगी-तांबडा थवा पाण्याच्या पृष्ठावर फिरत असतो आणि खाली आई-बाप पहारा देतात, म्हणून नवख्याने त्या थव्यात हात घालू नये. परंतु २०१६ पासून तळ्यांत आणि सागरांत जे मोफत मत्स्यबीज सोडले जाते ते मुख्यतः कटला, रोहू, मृगळ आणि सायप्रिनस यांचे. बोटुकलीची लांबी पाहतात, संख्या मोजतात, पंचनामा होतो आणि ट्रक रिकामा करतात. त्या पंचनाम्यात आई-बापाचा रकाना घालणे फारसे खर्चाचे काम नाही: बीज केंद्राने कटला, रोहू आणि मृगळ या तिन्ही जातींचे जनक वेगळ्या हौदांत ठेवावेत, कोणत्या नदीतून आणले ते लिहावे, आणि दर काही वर्षांनी नदीतले नवे नर-मादी घालावेत, एवढेच. आणि सांडखोल, रोहटी, घोगरा यांच्यासाठी तर हौदाचीही गरज नाही. प्राणहितेचा काही भाग बिनबांधाचा राहिला तरी त्यांचे भागेल.