चिनी परिभाषेतील ‘यिन्ली’ आणि ‘चुङ्ली’

‘गुरुत्वाकर्षण’ हा शब्द मराठीत आपण बहुधा दोन अर्थांनी योजतो. कोणत्याही दोन वस्तुमानांमधील परस्पर आकर्षण हा एक. पृथ्वीवरील वस्तूस जाणवणारे अधोगामी बल हा दुसरा. चिनी वैज्ञानिक परिभाषेत या दोहोंसाठी निरनिराळ्या संज्ञा आहेत.

पहिली संज्ञा ‘यिन्ली’. ‘यिन्’ म्हणजे ओढणे. या अक्षरात धनुष्याचे चिन्ह असून धनुष्य ओढणे हा त्याचा मूळ अर्थ होय. ‘ली’ म्हणजे बल. न्यूटनच्या नियमातील सार्वत्रिक आकर्षणास ‘वान्-यौ-यिन्ली’ म्हणतात. ‘वान्-यौ’ म्हणजे शब्दशः ‘दहा सहस्र अस्तित्वे’, अर्थात सर्व चराचर.

दुसरी संज्ञा ‘चुङ्ली’. ‘चुङ्’ म्हणजे जड. भूभौतिकीत पृथ्वीचे यिन्ली आणि तिच्या परिवलनामुळे येणारे केंद्रोत्सारी बल यांच्या फलितास चुङ्ली म्हणतात. ओळंबा दाखवितो ती दिशा चुङ्लीची. तज्जन्य त्वरण विषुववृत्ताशी सेकंदवर्गास सुमारे ९.७८ मीटर, तर ध्रुवांशी ९.८३ मीटर असते. या फरकाचा मोठा भाग परिवलनातून येतो, उरलेला पृथ्वीच्या चपटेपणातून.

जपानीतही हे दोन्ही शब्द याच अक्षरांनी लिहितात. नागासाकी येथील डच भाषेचे दुभाषी शिझुकी तादाओ यांनी जॉन कील यांच्या ग्रंथाच्या डच भाषांतरावरून १७९८ ते १८०२ या काळात ‘रेकिशो शिन्शो’ सिद्ध केला; त्यात या संज्ञा आढळतात. तथापि अक्षरे एक असली, तरी अर्थ सर्वत्र एक राहिला नाही. १४ सप्टेंबर २०१५ रोजी प्रथमच नोंदल्या गेलेल्या अवकाश-कालातील तरंगांस चीनमध्ये ‘यिन्ली-पो’ म्हणतात. ‘चुङ्ली-पो’ म्हणजे सागरपृष्ठावर वा वातावरणात, वजनाच्या प्रत्यानयनाने उठणारे तरंग. जपानीत मात्र याच दुसऱ्या शब्दाची अक्षरे दोन्ही तरंगांसाठी चालतात, आणि तैवानमध्येही अवकाश-कालातील तरंगांस ‘चुङ्ली-पो’ म्हणण्याची रूढी आहे. म्हणून निबंध कोठला आणि कोणत्या शास्त्राचा, हे पाहिल्यावाचून भाषांतरकाराने या शब्दास मराठी प्रतिशब्द देऊ नये.

आपल्या संज्ञेत ‘गुरुत्व’ आणि ‘आकर्षण’ ही दोन्ही पदे एकत्र नांदतात. जडपणाच्या बलास ‘गुरुत्व’ आणि सार्वत्रिक ओढीस ‘गुरुत्वाकर्षण’ असा भेद कटाक्षाने पाळल्यास, चिनीत जे दोन शब्दांनी साधले आहे, ते मराठीतही नवा शब्द न घडविता साधेल.