चालत्या घराची पायरी

घराच्या सर्व भागांत पायरी ही सर्वांत अचल मानली जाते. जोते, उंबरठा आणि पायरी यांच्या जागा एकदा ठरल्या की पिढ्या उलटल्या तरी त्या हलत नाहीत, आणि पंढरपूरच्या महाद्वारापाशी असलेली नामदेवाची पायरी तर परंपरेनुसार संतांच्या पायधुळीच्या ओढीने तिथे कायमची थांबलेली आहे. मोटरहोमला, म्हणजे निजण्याची, स्वयंपाकाची आणि स्नानाची सोय असलेल्या आणि स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या वाहनाला, अशी अचल पायरी परवडत नाही. ट्रकच्या किंवा बसच्या चॅसीवर उभारलेल्या या घराची जमीन रस्त्यापासून दोन-अडीच फूट, कधी त्याहूनही उंच असते, त्यामुळे गाडी उभी असताना पायरी असलीच पाहिजे. आणि गाडी चालू लागताच तीच पायरी बाहेर राहिली तर पदपथाच्या कडेवर, दगडावर किंवा शेजारून जाणाऱ्या वाहनावर आदळते, म्हणून ती त्या क्षणी नाहीशीही झाली पाहिजे. या दोन परस्परविरोधी गरजांमधून विजेवर चालणारी पायरी जन्माला आली.

या यंत्राचे मुख्य घर अमेरिकेत आहे. इंडियाना राज्यातील एल्कहार्ट आणि आसपासचा परिसर हा तेथील मोटरहोम उद्योगाचा गाभा समजला जातो, तर आयोवातील फॉरेस्ट सिटी येथील विनेबेगो या कारखान्याने १९६६ पासून मोटरहोम मोठ्या प्रमाणावर बनवण्यास सुरुवात केल्यावर हे वाहन मध्यमवर्गीय कुटुंबांच्या आवाक्यात येऊ लागले. अमेरिकी मोटरहोमच्या दाराखाली जी पायरी सर्वाधिक आढळते ती क्विकी या नावाची. २०१४ मध्ये हे नाव लिपर्ट या सुटे भाग बनवणाऱ्या मोठ्या कंपनीकडे गेले. युरोपातील गाड्यांवर थुले कंपनीच्या सरकत्या पायऱ्या अधिक दिसतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून अशा वाहनांची चर्चा मराठीतही होऊ लागली आहे. तिच्यात पायरीचा उल्लेख क्वचितच येतो, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण पायरीकडे लक्ष जाते ते ती बिघडल्यावरच.

रचना वरवर साधी आहे. दाराखालच्या पोलादी चौकटीत एक किंवा दोन पायदाने बिजागऱ्यांनी जोडलेल्या दांड्यांवर बसवलेली असतात; एक छोटी मोटर दातेरी चक्रांच्या पेटीमार्फत एका दांडीला ढकलते किंवा ओढते, आणि सगळा सांगाडा घडी उलगडावी तसा बाहेर व खाली येतो किंवा उलट दिशेने वर व आत जातो. मोटर १२ व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चालते. अशा मोटरच्या दोन वायरींची धन आणि ऋण बाजू अदलाबदल केली की तिची फिरण्याची दिशा उलटते, त्यामुळे बाहेर आणि आत या दोन्ही हालचालींसाठी एकच मोटर आणि दोनच वायरी पुरतात. ही अदलाबदल करण्याचे आणि ती केव्हा करायची हे ठरवण्याचे काम नियंत्रक करतो; तो म्हणजे चौकटीवरच बसवलेली, आतून रेझीन ओतून बंद केलेली एक लहान पेटी.

नियंत्रकाला डोळे नाहीत. पायरीवर कोणी उभे आहे का, कोणी उतरणार आहे का, यातले काहीही तो पाहू शकत नाही. त्याला चार वायरींतून जेवढे कळते तेवढ्यावरून त्याला माणसाचा हेतू ताडावा लागतो. क्विकीच्या प्रचलित रचनेत लाल वायर बॅटरीकडून शक्ती आणते, पांढरी वायर दारापाशी असलेल्या बटणाची स्थिती सांगते, पिवळी वायर इंजिनची किल्ली फिरवलेली आहे की नाही ते कळवते आणि तपकिरी वायर दाराची बातमी आणते. बटण चालू असले तर दार उघडताच पायरी बाहेर येते आणि दार लागताच आत जाते. बटण बंद केले तर, मुक्कामाच्या ठिकाणी माणसांची सतत ये-जा असताना पायरीची उघडझाप होऊ नये म्हणून, ती बाहेरच थांबून राहते. मात्र किल्ली फिरली आणि दार बंद असले की बटण काहीही सांगत असले तरी पायरी आत घेतली जाते, कारण रस्त्यावरचा धोका मुक्कामावरच्या सोयीपेक्षा मोठा मानलेला आहे. युरोपीय गाड्यांत हेच काम पुष्कळदा अल्टरनेटर फिरू लागल्यावर मिळणाऱ्या संकेतावरून होते, आणि पायरी बाहेर राहिली असेल तर चालकापाशी भोंगा वाजतो. हा अग्रक्रम ठाऊक नसलेला मालक बटण बंद असूनही पायरी हलली म्हणून बिघाडाची तक्रार करतो. दुरुस्तीसाठी आलेल्या गाड्यांपैकी काहींत दुरुस्त करण्यासारखे काही नसते ते यामुळे.

दाराची बातमी आणणारा स्विच विशेष पाहण्याजोगा आहे. दारात एक लहान चुंबक आणि चौकटीत रीड स्विच बसवलेला असतो. रीड स्विच म्हणजे काचेच्या बारीक नळीत एकमेकींपासून केसभर अंतरावर ठेवलेल्या दोन लोहचुंबकीय पट्ट्या, ज्या चुंबक जवळ आला की चिकटून परिपथ पूर्ण करतात. अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत वॉल्टर एलवुड यांनी १९३६ मध्ये टेलिफोनच्या जोडण्यांसाठी तो योजला होता. दार लागलेले असताना पट्ट्या चिकटतात आणि तपकिरी वायर चॅसीशी, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत अर्थशी, जोडली जाते. दार उघडले की ती तुटते. या योजनेत एक गर्भित निर्णय आहे. वायर उंदराने कुरतडली, स्विच निसटला किंवा दार खाली बसल्याने चुंबक दूर गेला, तर नियंत्रकाला दार उघडे असल्याचाच भास होतो आणि पायरी बाहेर राहते. उतरणाऱ्या माणसाचा पाय पोकळीत पडण्यापेक्षा पायरी नको तेव्हा बाहेर असणे बरे, असा तो निर्णय आहे. उलट पट्ट्या कायमच्या चिकटून बसल्या तर दार नेहमी बंदच भासते आणि पायरी बाहेर येत नाही. हा बिघाड तुलनेने दुर्मीळ असला तरी अधिक घातक आहे.

याहूनही अधिक विचार करण्याजोगी गोष्ट म्हणजे पायरीला आपला प्रवास संपला हे कसे कळते. चौकटीच्या टोकाला ते सांगणारा वेगळा स्विच नसतो. सांगाडा आपल्या अडसराला टेकला की मोटर अडते, अडलेल्या मोटरमधून प्रवाह एकदम वाढतो, आणि ती वाढ पाहून नियंत्रक मोटर थांबवतो. ही युक्ती स्वस्त आणि हुशार आहे, पण तिच्यात एक भाबडेपणा आहे: प्रवाह वाढला म्हणजे मुक्काम आला, असे नियंत्रक मानतो, मग तो प्रवाह अडसरामुळे वाढला असो की बिजागरीत अडकलेल्या वाळूमुळे. वाटेत थबकणारी, अर्ध्यावर थांबणारी पायरी बहुतेक वेळा आपण पोहोचलो असे समजून थांबलेली असते. मालकाला मोटर कमकुवत झाल्यासारखे वाटते. खरा दोष गंजलेल्या पिनमध्ये असतो.

आणि गंज तर ठरलेलाच आहे. पायरी दारासमोर, पुष्कळदा पुढच्या चाकाच्या मागे, उघड्यावर लटकत असते. चाकाने उडवलेला चिखल, खडी आणि पाणी थेट तिच्यावर पडते, आणि अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत बर्फ वितळवण्यासाठी हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकले जात असल्याने त्या पाण्याला क्षाराची धार असते. घरातले सर्वांत नाजूक विद्युत्‌यंत्र घराबाहेरच्या सर्वांत वाईट जागी बसवावे लागते, यात बनवणाऱ्याचा दोष नाही. पायरीला दुसरी जागाच नसते. निर्माते नियमित साफसफाई आणि वंगण सांगतात. सांधे पाण्याने धुऊन, सुकवून त्यांवर पातळ फवारणी करणे जाड ग्रीस थापण्यापेक्षा हिताचे ठरते, कारण ग्रीसला चिकटलेली धूळ काही महिन्यांत कानसेसारखी काम करू लागते.

बिघाड शोधताना पहिला प्रश्न शक्तीचा असतो. पायरीखालचा दिवा अनेक रचनांत दार उघडल्यावर लागतो, म्हणून तो लागतो की नाही हे पाहिल्यास एकही स्क्रू न काढता पुष्कळ काही कळते: दिवा लागतो पण पायरी हलत नाही, तर शक्ती आणि दाराची बातमी दोन्ही नियंत्रकापर्यंत पोहोचत आहेत आणि दोष नियंत्रकात किंवा त्याच्या पुढे मोटर, चक्रपेटी किंवा सांध्यांत आहे; दिवाही लागत नाही, तर फ्यूज, बॅटरी, अर्थ किंवा दाराचा स्विच यांच्याकडे वळावे लागते, अर्थात दिवाच गेलेला नाही याची खात्री करून घेतल्यावर. मल्टीमीटरने लाल वायरीवर १२ व्होल्ट दिसले की शक्ती ठीक आहे असे मानणे ही या कामातली सर्वांत नेहमीची चूक आहे. मल्टीमीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही, त्यामुळे एका धाग्यावर टिकलेली वायरही त्याला निरोगी दिसते. ओहमच्या नियमानुसार गंजलेल्या जोडणीत ०.१ ओहम एवढा क्षुल्लक रोध असला आणि मोटरने २० अँपिअर प्रवाह ओढला, तर त्या एका जोडणीवरच २ व्होल्ट गळतात आणि मोटरला उरतात १० व्होल्ट. म्हणून जाणकार मेकॅनिक मीटरच्या जोडीला ५५ वॅटचा हॅलोजन दिवा लावून पाहतात. तो साडेचार अँपिअर ओढतो, आणि तो मंद पेटला तर वायरीतली किंवा अर्थमधली कुचराई उघड होते. अर्थकडे विशेष लक्ष द्यावे लागते, कारण परतीचा प्रवाह वायरीतून नव्हे तर चॅसीच्या लोखंडातून जातो आणि रंगावर किंवा गंजावर कसलेला बोल्ट हा बाहेरून घट्ट आणि आतून तुटलेला असतो.

शक्ती सिद्ध झाल्यावर यंत्र मधोमध विभागण्याची पद्धत उपयोगी पडते. मोटरचा दोन वायरींचा प्लग नियंत्रकापासून सोडवून तिला फ्यूजमार्फत थेट बॅटरी जोडायची, आणि मग वायरी उलट करून पुन्हा जोडायची. पायरी दोन्ही दिशांना मोकळेपणी हलली तर मोटर, चक्रे आणि सांधे निर्दोष ठरतात. मोटर गुणगुणते पण पायरी हलत नाही, तर चक्राचे दात झिजले आहेत किंवा पिन निघाली आहे. बाहेर सहज येते पण आत जाताना अडते, तर सांधे घट्ट आहेत, कारण बाहेर येताना वजन मदत करते आणि आत जाताना तेच वजन उचलावे लागते. दुसऱ्या अर्ध्याची परीक्षा नियंत्रकाच्या चार वायरींवर होते. लाल, पिवळी आणि पांढरी यांना धन बाजू देऊन तपकिरी वायर अर्थला टेकवली की पायरी आत गेली पाहिजे आणि सोडली की बाहेर आली पाहिजे; येथे ती बरोबर वागली, तर नियंत्रक निर्दोष असून दोष गाडीच्या वायरींत किंवा दाराच्या स्विचमध्ये आहे. हे सगळे अर्ध्या तासाचे काम आहे. ते न करता आधी मोटर मागवणे ही दुरुस्ती नव्हे, महागडा अंदाज आहे. आणि नव्या मोटरनेही पायरी हलली नाही म्हणजे नियंत्रक मागवायचा, हा त्या अंदाजाचा दुसरा हप्ता होय.

प्रत्यक्ष दुरुस्तीबद्दल फार सांगण्यासारखे नाही. रेझीनमध्ये बुडालेला नियंत्रक उघडता येत नाही, तो बदलावाच लागतो. मोटरमध्ये पाणी शिरले असेल तर तीही बहुधा बदलली जाते. जुन्या काही नमुन्यांत पंख्याच्या आकाराचे दातेरी चक्र झिजते आणि ते सुटे मिळते. मात्र हात घालण्यापूर्वी फ्यूज काढणे अपरिहार्य आहे. पायरीची दांडी बोटे चिरडण्याइतकी ताकदवान असते, आणि तिला हलवण्यासाठी आतल्या माणसाने निष्पापपणे दार ओढणे पुरेसे असते.

वाटेत पायरी बाहेरच अडकली तर गाडी तशीच चालवता येत नाही. अशा वेळी फ्यूज काढून मोटर आणि सांगाडा यांना जोडणारी पिन काढली जाते, पायदाने हाताने वर ढकलली जातात आणि दोरीने किंवा तारेने चौकटीला घट्ट बांधली जातात. त्यानंतर दाराच्या आतल्या बाजूला ठळक अक्षरांत सूचना चिकटवणे हे त्या बांधणीइतकेच महत्त्वाचे काम असते, कारण पायरी नाहीशी झाल्याचे चालकाला ठाऊक असले तरी मागच्या पलंगावरून उठून आलेल्या माणसाचा पाय सवयीने तिच्याचसाठी पुढे पडतो. पुढच्या गावात पोहोचेपर्यंत दारापाशी प्लॅस्टिकचे एक साधे स्टूल ठेवले जाते, आणि प्रत्येक थांब्यावर आधी उतरणाऱ्या चालकाने ते बाहेरून लावायचे असते.