देशमुखांची सून, वारंग्याची लेक

मैत्रिणींनो, मध्यंतरी एका लग्नाच्या निमित्ताने डोंगरकड्याला जाण्याचा योग आला. हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरी तालुक्यातलं हे गाव. केळीच्या बागांचा आणि हळदीच्या शेतांचा हा मुलूख. हळदीच्या दुपारी मांडवात आम्ही बायका बसलो होतो. घरातली धाकटी सून, वर्षापूर्वीच लग्न होऊन आलेली, सगळ्यांना चहा देत होती. एका म्हाताऱ्या आजींनी तिला विचारलं, "तू कोणाची गं बाई?"

"मी देशमुख," ती म्हणाली.

आजी हसल्या. "ते तर तू आत्ता झालीस. मी इचारते, कोण्या गावची?"

"वारंग्याची."

"हां! वारंगेकरीण म्हण की!" आजींचं समाधान झालं.

संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली. हळूच म्हणाली, "मावशी, देशमुख म्हणजे नेमकं काय हो? स्थळ आलं तेव्हा सगळे म्हणत होते, देशमुखांचं घर, मोठं घर. बाबांनी घराला साजेसं लग्न करून द्यायचं म्हणून कर्ज काढलं. ते अजून फिटलं नाही. इथं येऊन बघते तर माणसं लाखाची, पण शेत चार एकर. आमच्यापेक्षा थोडं कमीच!"

तिला जे सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगते. कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही.

आडनाव नव्हे, हुद्दा

'देशमुख' हे मुळात आडनावच नव्हतं. तो हुद्दा होता. इथे 'देश' म्हणजे आपला आजचा देश नव्हे, तर परगणा, म्हणजे पुष्कळ गावांचा मिळून झालेला मुलूख. त्याचा 'मुख', म्हणजे प्रमुख, तो देशमुख. गावात जसा पाटील आणि त्याचा हिशेब लिहिणारा कुलकर्णी, तसा परगण्यावर देशमुख आणि त्याचा हिशेब ठेवणारा देशपांडे. गावोगावचा सारा गोळा करून सरकारात भरायचा आणि मुलखात बंदोबस्त ठेवायचा, हे देशमुखाचं काम. त्याबद्दल त्याला इनाम जमीन आणि साऱ्यातला ठरलेला हक्क मिळे. बहामनी, निजामशाही, आदिलशाही अशी राज्यं बदलली, तरी हे वतन बापाकडून मुलाकडे चालत राहिलं. दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकात अशाच हुद्द्याला 'देसाई' म्हणतात.

तुम्ही म्हणाल, मग या लोकांना आडनावं नव्हती का? होती की! शिवाजी महाराजांचे विश्वासू कान्होजी जेधे हे देशमुखच, पण घराणं जेध्यांचं. काही घराण्यांत मात्र हुद्दा इतका रुळला, की मूळ आडनाव मागे पडलं. 'शतपत्रे' लिहिणारे लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांचं मूळ आडनाव सिधये. विदर्भातले शिक्षणमहर्षी आणि पुढे देशाचे कृषिमंत्री झालेले डॉ. पंजाबराव देशमुख मूळचे कदम.

म्हणूनच हे आडनाव एका जातीचं नाही. ते मराठ्यांत आहे, ब्राह्मणांत आहे, चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंत आहे, कोकणातल्या मुसलमानांतही आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख कोकणाकडचे, तर माजी मुख्यमंत्री विलासराव देशमुख लातूरकडचे. नानाजी देशमुख तर याच हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीचे. तिकडे तेलंगणातही देशमुख होते, पण तिथे तो किताबच राहिला, घराण्याचं नाव रेड्डी वगैरे वेगळंच. तेव्हा दोन देशमुख भेटले, की ते भाऊबंदच असतील असं समजू नका.

हुद्दा गेला, नाव राहिलं

आता चार एकरांचं कोडं. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १८६० च्या दशकात दिवाण सालारजंग यांनी सारावसुलीचं काम पगारी अधिकाऱ्यांकडे दिलं. देशमुखांच्या हाती वर्षाकाठी ठरलेली रोकड तेवढी राहिली. तिला 'रुसूम' म्हणत. मुंबई राज्यात १९५० च्या कायद्याने परगणा वतनं रद्द झाली. १९४८ मध्ये निजामाची राजवट संपल्यावर इकडेही तो जुना काळ सरला. जमिनीचं म्हणाल, तर ती दर पिढीला भावाभावांत वाटली गेली. मोठ्या पातेल्यातली खीर शंभर वाट्यांत वाढली, तर वाटीत चमचाभरच येणार. आडनावाची मात्र वाटणी होत नाही. ते प्रत्येकाला सगळंच्या सगळं मिळतं!

म्हणून सांगते, मैत्रिणींनो, स्थळ बघताना आडनावावर भाळू नका आणि आडनाव ऐकून नाकही मुरडू नका. सातबारा बघा, मुलाची नोकरी बघा, त्याची व्यसनं विचारा, घरातल्या सुनांशी दोन शब्द बोला. तीनशे वर्षांपूर्वीच्या हुद्द्यासाठी आज कर्ज काढायचं, हा कुठला शहाणपणा?

बाईचं नाव कोणतं?

बोलता बोलता ती म्हणाली, "मावशी, मग मी कोण हो? कागदावर देशमुख, गावात वारंगेकरीण!"

बघा हं, यातही एक गंमत आहे. नांदेडकर हे आडनाव नांदेडात राहून पडत नाही. माणूस गाव सोडून दुसरीकडे गेला, की तिथले लोक त्याला 'कर' लावतात. डोंगरकड्यात कुणी डोंगरकडेकर नसतो! पुरुषांना हे नाव गाव सोडल्यावर मिळालं. बाई तर लग्न झालं की गाव सोडतेच. म्हणून खेड्यातल्या बायका आजही एकमेकींना माहेरच्या गावावरून ओळखतात. सरकारी कागदावर पुसलेलं माहेर पाणवठ्यावर जपलं जातं.

आणि मोठेपण आडनावामुळे येतं असंही नाही. माहूरच्या देशमुख घराण्यातली सावित्रीबाई ही पतीच्या पश्चात जहागीर आणि सैन्य सांभाळणारी बाई. १६६१ च्या उंबरखिंडीच्या लढाईत ती मोगलांच्या बाजूने होती. औरंगजेबाने तिला 'रायबागन', म्हणजे वाघीण, असा किताब दिला. इतिहासात ती त्याच नावाने ओळखली जाते. अलीकडचं उदाहरण दुर्गाबाई देशमुखांचं. आंध्र महिला सभेची स्थापना आणि संविधान सभेतलं काम हे सगळं १९५३ मध्ये चिंतामणरावांशी लग्न होण्याच्या आधीचं!

कागद मात्र नीट ठेवा

लग्नानंतर आडनाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. बदलायचं तर खुशाल बदला, नको असेल तर राहू द्या. पण दोन नावं झाली, की त्यांना जोडणारा कागद हवा. माझ्या ओळखीच्या एका बाईंचं बँकेतलं खातं माहेरच्या नावाने आणि आधार सासरच्या. वडिलांच्या पश्चात पैसे मिळवायला त्यांना कितीतरी हेलपाटे पडले.

तेव्हा विवाह नोंदणीचा दाखला काढाच आणि त्याच्या दोन-तीन प्रती जपून ठेवा. नाव बदललं असेल, तर शासनाच्या राजपत्रात तशी नोंद करून घ्या. बँक, पॅन, आधार, विमा, सगळीकडे एकच नाव ठेवा. शाळा-कॉलेजचे दाखले जुन्या नावाचे म्हणून फेकू नका. आणि एक लक्षात ठेवा, आडनाव बदललं म्हणून वडिलांच्या मालमत्तेतला हक्क जात नाही. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित मालमत्तेत लेकीचा वाटा लेकाइतकाच आहे.

२०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने सरकारी कागदांवर मुलाच्या नावामागे आधी आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव लिहायचं ठरवलं. हे सांगितलं, तशी ती पोर हसली. पोटावर हात ठेवून म्हणाली, "म्हणजे याच्या नावात मी असणार तर!"

दुसऱ्या दिवशी निघताना तिने वाटेसाठी घरच्या केळीचा घड दिला. म्हणाली, "मावशी, बाबांचं कर्ज आम्ही दोघं मिळून फेडायचं ठरवलंय. ह्यांनीच काल रात्री विषय काढला."

मला वाटलं, मोठं घर म्हणतात ते हेच.