सांठा आणि शोध

आमच्या शाळेच्या जुन्या वार्षिक अंकांतील लेख संगणकांत सांठविण्याचें काम पुरें झालें, तेव्हां आम्हांस मोठें समाधान वाटलें. पुढें एक विद्यार्थिनी आपल्या आजीनें शाळेंत असतां लिहिलेला निबंध शोधूं लागली. 'लेखक' या ठिकाणीं तिनें आजीचें नांव घातलें. उत्तर आलें, 'कांहीं सांपडलें नाहीं'. निबंध संग्रहांत होता. पण तो माहेरच्या नांवानें नोंदलेला, आणि नात शोधीत होती सासरच्या नांवानें. चूक आमच्या मांडणीची होती. ती कशी सुधारावी, तें येथें सांगतों.

आम्ही वापरतों ती डीस्पेस ही प्रणाली अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी व ह्यूलेट-पॅकार्ड यांनीं मिळून २००२ सालीं प्रसिद्ध केली. तींत लेखाचें नांव, लेखक, वर्ष, विषय हीं निरनिराळ्या रकान्यांत ठेवितात. हे रकाने बहुधा डब्लिन कोअर या पद्धतीचे असतात. ओहायो संस्थानांतील डब्लिन गांवीं १९९५ सालीं जी सभा भरली, तिजवरून हें नांव पडलें.

साध्या शोधांत सर्व रकाने एकदम पाहिले जातात. त्यामुळें केशवसुतांनीं लिहिलेलें व केशवसुतांविषयीं लिहिलेलें एकत्र येतें. लेखकाची चाळणी लावली म्हणजे पहिलें तेवढें उरतें. परंतु नोंद 'कृष्णाजी केशव दामले' या नांवानें केलेली असेल, तर 'केशवसुत' म्हणून शोधणाऱ्यास ती चाळणी रित्या हातानें परत पाठविते!

यास उपाय असा. प्रथम मेटाडेटा रजिस्ट्रींत 'अन्य नांव' हा रकाना नोंदवावा. मात्र डब्लिन कोअरच्या संचांत ढवळाढवळ न करितां तो 'लोकल' या संचांत घालावा. नंतर तो नोंद भरण्याच्या फॉर्मांत आणावा. मग 'डिस्कव्हरी.एक्सएमएल' या फाइलींत लेखकाच्या चाळणीखालीं जी रकान्यांची यादी असते, तींत तो जोडावा. म्हणजे एकच चाळणी दोन्ही रकाने पाहते. शेवटीं सर्व्हर पुन्हां सुरू करून सूची नव्यानें बांधवावी. ही शेवटची पायरी पुष्कळ जण विसरतात. शोध मूळ नोंदींत होत नसून अपॅची सोलर या प्रणालीनें रचिलेल्या सूचींत होतो. सूची जुनीच राहिली, तर नवी चाळणी जुन्या नोंदींस लागू पडत नाहीं.

इतकें केलें तरी रकान्यांत नांव कोणी तरी भरावेंच लागतें. त्या आजीचें सासरचें नांव आमच्या दप्तरीं कोठेंच नव्हतें. तें नातीनें सांगितलें, आणि त्याच दिवशीं निबंध तिच्या हातीं पडला. वाचकहो, आपल्या घरांतील कोणी या शाळेंत शिकून गेलें असेल, तर त्यांचीं दोन्ही नांवें आम्हांस अवश्य कळवावीं.