शिरपूरची स्मिता, अरविंदनची शिवकामी

मल्याळम सिनेमाचा एक धागा धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला येऊन पोहोचतो. स्मिता पाटीलचा जन्म पुण्याचा, पण वडील शिवाजीराव गिरधर पाटील शिरपूरचे. तिला 'चिदंबरम'साठी (१९८५) केरळात नेलं दिग्दर्शक जी. अरविंदन (१९३५–१९९१) यांनी.

अरविंदन कोट्टायमचे, नोकरी रबर बोर्डात. 'मातृभूमी' साप्ताहिकातल्या त्यांच्या चित्रमालिकेनं आधी नाव केलं, मग १९७४ मध्ये 'उत्तरायणम' आला. 'कांचन सीता'त (१९७७) त्यांनी रामायणातल्या भूमिका आंध्रातल्या चेंचू आदिवासींना दिल्या, धाडस मोठंच.

'चिदंबरम'मध्ये मुन्नारजवळच्या गुरांच्या फार्मवरचा कामगार मुनियांडी लग्न करून शिवकामीला आणतो. स्मिताला संवाद मोजकेच. आधी डोंगरातली फुलं हरखून बघणारी नवी नवरी आणि शेवटी, देवळाबाहेर भाविकांच्या चपला राखणारी बाई, चेहऱ्यावर जखमेचा व्रण. तो एक चेहरा पाहण्यासाठी तरी हा चित्रपट मिळवून बघावा. मूळ कथा सी. व्ही. श्रीरामन यांची, कॅमेरा शाजी करुण यांचा. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. १३ डिसेंबर १९८६ ला स्मिता गेली, तेव्हा ती अवघी ३१ वर्षांची होती.