परदेशी विद्या आणि तिचा जमाखर्च

अमेरिकेतील महाविद्यालयांत नोव्हेंबर महिन्यात 'आंतरराष्ट्रीय शिक्षण सप्ताह' साजरा करण्याची चाल पडली. २००० साली तेथील परराष्ट्र खाते आणि शिक्षण खाते यांनी मिळून तो सुरू केला. त्या दिवसांत महाविद्यालयाच्या आवारात देशोदेशींचे झेंडे लागतात. परदेशांतून आलेले विद्यार्थी आपापले पोशाख घालतात, आपल्याकडचे पदार्थ रांधून घालतात, नाचगाणी करतात. परदेशी जाऊन एखादे सत्र शिकून आलेली मुले आपले अनुभव सांगतात, आणि पुढे जाऊ इच्छिणाऱ्यांना माहिती मिळते. आपल्याकडेही काही महाविद्यालयांतून असे 'दिन' होऊ लागले आहेत.

आम्ही कामगार संघटनेतली माणसे. महाविद्यालयात विद्यार्थी म्हणून बसण्याचा योग आम्हांला आला नाही. जे वाचले ते पाळी सुटल्यावर, सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. मग आम्ही या विषयावर का बोलावे? कारण हा विषय आता आमच्या सभासदांच्या घरांत शिरला आहे. मुलगी हुशार निघते, परदेशी विद्यापीठाचे प्रवेशपत्र येते, आणि बाप प्रॉव्हिडंट फंडातून किती रक्कम उचलता येईल हे विचारायला युनियनच्या कचेरीत येतो. झेंड्यांच्या त्या उत्सवात या बापाला कोठेच जागा नसते. त्याच्या बाजूने हा विषय पाहावा, एवढाच आमचा हेतू आहे.

उत्सव वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. माणसाने माणसाच्या घरचे अन्न खावे, त्याची भाषा ऐकावी, यात चांगलेच आहे. पण कोणत्याही कामाचा विचार करताना तीन गोष्टी विचारण्याची आम्हांला सवय लागली आहे: कोणाला संधी मिळाली, पैसा कोणाचा लागला, आणि लाभ कोणाच्या दारी गेला?

एका जुन्या छायाचित्रापासून सुरुवात करू. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात स्त्रियांसाठी वैद्यकीय महाविद्यालय होते. तेथे १० ऑक्टोबर १८८५ रोजी प्रमुख अध्यापिका रेचेल बॉडली यांनी स्वागतसमारंभ केला, आणि त्या वेळी तीन विद्यार्थिनींचे एकत्र छायाचित्र निघाले. एक आपल्या आनंदीबाई जोशी, लुगड्यात. दुसऱ्या जपानच्या केई ओकामी, किमोनोत. तिसऱ्या सीरियाच्या सबात इस्लामबुली, आपल्या देशी वेषात. आजच्या सप्ताहात जे दिसते, तेच सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी तेथे दिसले. परंतु छायाचित्रात पोशाख येतो, प्रवासखर्च येत नाही. आनंदीबाई १८८३ साली कलकत्त्याहून निघाल्या. न्यूजर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी त्यांना घरात आसरा दिला म्हणून त्यांचे पाऊल तेथे टिकले. १८८६ च्या मार्चमध्ये त्या डॉक्टर झाल्या, कोल्हापूरच्या इस्पितळात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकही झाली. पण काम हाती घेण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यास त्या वारल्या. वय अवघे एकवीस. परदेशी शिक्षणाची किंमत केवळ पैशात मोजली जात नाही, हे आपल्या समाजाला पहिल्यांदा त्यांनी दाखवून दिले.

आता आजचे आकडे पाहा. २०२३-२४ या वर्षी अमेरिकेत ११,२६,६९० परदेशी विद्यार्थी होते. त्यांत ३,३१,६०२ भारताचे. त्या वर्षी भारताने चीनला मागे टाकून पहिला क्रमांक घेतला. उलट, अमेरिकेतून बाहेर शिकायला गेलेले विद्यार्थी २०२२-२३ मध्ये २,८०,७१६ होते. उत्सवात हे दोन्ही गट एकाच मांडवाखाली उभे राहतात, पण त्यांची स्थिती एक नव्हे. अमेरिकन मुलगा बहुधा काही आठवडे किंवा एखादे सत्र बाहेर राहून आपल्याच महाविद्यालयात परत येतो. आपला मुलगा पूर्ण पदवीसाठी जातो, परक्या चलनात फी भरतो, आणि व्हिसाच्या अटींत दिवस काढतो. परदेशी विद्यार्थ्यांमुळे २०२३-२४ मध्ये अमेरिकेच्या अर्थव्यवस्थेत ४३.८ अब्ज डॉलर आले, असा तेथील आंतरराष्ट्रीय शिक्षणक्षेत्रातील संघटनेचाच अंदाज आहे. म्हणजे ज्याला आपण पाहुणा म्हणतो, तो पंगतीचा खर्चही देत असतो. यजमानाने हे उघड सांगावे. त्यात पाहुण्याचा मानच आहे.

पैसा कोणाचा, हा प्रश्न शिष्यवृत्तीलाही विचारावा लागतो. ऑक्सफर्डची ऱ्होड्स शिष्यवृत्ती जगभर प्रसिद्ध आहे. सेसिल ऱ्होड्स १९०२ साली वारला, आणि त्याच्या मृत्युपत्रातून ती निघाली. त्याची संपत्ती दक्षिण आफ्रिकेतील हिऱ्यांच्या खाणींतली. त्या खाणी खणणाऱ्या काळ्या मजुरांच्या मुलांना या शिष्यवृत्तीचे दार अनेक दशके उघडले नाही, आणि स्त्रियांना तर ते १९७७ साली उघडले. याच शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकलेले विल्यम फुलब्राइट पुढे अमेरिकेत सेनेटर झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन लष्कराचे कितीतरी सामान परदेशांत पडून होते. ते तेथेच विकावे आणि आलेल्या पैशातून विद्यार्थ्यांची व अध्यापकांची देवघेव करावी, असा कायदा त्यांनी १९४६ साली करून घेतला. भारताशी तसा करार १९५० साली झाला. युद्धाच्या मोडीतून शाळा उभी राहावी, ही कल्पना आम्हांला मनापासून आवडते.

युरोपात १९८७ साली एरास्मस योजना निघाली. पहिल्या वर्षी ११ देशांतील ३,२४४ विद्यार्थी दुसऱ्या देशी गेले. आज या योजनेत धंदेशिक्षण घेणारी मुले आणि शिकाऊ उमेदवारही जातात. सुताराच्या, वायरमनच्या हाताखाली शिकणाऱ्या पोरानेही दुसऱ्या देशातली कार्यशाळा पाहावी, हे तेथील सरकारांना पटले आहे. आपल्याकडे परदेशी शिक्षण म्हटले की अजून पदवीधरच डोळ्यांसमोर येतो.

तिसरा प्रश्न लाभाचा. त्याचे उत्तर आपल्या घरातच आहे. १९१३ साली बडोदे सरकारने भीमराव आंबेडकर या तरुणाला दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली आणि परत आल्यावर दहा वर्षे नोकरी करण्याचा करार लिहून घेतला. ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, पुढे लंडनला गेले. मुदत संपताच अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. बडोद्यात नोकरी होती, पण त्या विद्वानाला राहायला कोणी जागा देईना. पुढे स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राचे कर्ज यांवर १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले व अभ्यास पुरा केला. हेच बाबासाहेब १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले, आणि १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. ज्या कामगाराने न्यूयॉर्कचे नाव ऐकले नव्हते, त्याच्या ताटात त्या शिक्षणाचा वाटा असा पडला. बडोद्याच्या खजिन्यातला पैसा शेवटी रयतेचाच होता; तो रयतेकडे कितीतरी पटीने परतला.

मग आज सार्वजनिक पैशाची वाट किती रुंद आहे? केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत २०२१-२२ पासून १२५ जागा ठरल्या. त्यांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी, ६ भटक्या-विमुक्तांसाठी, आणि भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी ४. सगळ्या देशात मिळून चार! महाराष्ट्रात अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने २००३ पासून योजना आहे, आणि तिने पुष्कळ घरांतील पहिला पदवीधर परदेशी पोचवला आहे. पण गरज आणि जागा यांचे प्रमाण पाहिले म्हणजे बाकीची मुले कोणाच्या दारी जातात हे सांगायला नको: बँकेच्या आणि दलालाच्या. घर तारण पडते, मामा जामीन राहतो, आणि हप्ते सुरू झाले तरी नोकरीचा पत्ता नसतो. दलाल विद्यापीठाकडून दलाली घेतो की नाही, हे विचारण्याचेही कुटुंबाला सुचत नाही.

म्हणून आपल्या गावच्या महाविद्यालयांना आमची एक साधी सूचना आहे. असा दिन जरूर साजरा करा. पण झेंड्यांच्या शेजारी एक टेबल जमाखर्चाचे मांडा. फी किती, राहण्याजेवण्याचा खर्च किती, कर्जाचा हप्ता किती, कोणत्या शिष्यवृत्तीची मुदत केव्हा संपते, हे मराठीत लिहून तेथे ठेवा. परत आलेल्या विद्यार्थ्यांना केवळ तेथल्या बर्फाच्या गोष्टी सांगायला लावू नका. कर्ज कसे फेडले हेही सांगू द्या. पालकांना बोलवा, आणि समारंभ रविवारी ठेवा, म्हणजे सुट्टी असलेल्या कामगाराला येता येईल. आमच्या पतपेढ्यांनीही या कामी मागे राहू नये. लग्नासाठी कर्ज देताना आपण मागेपुढे पाहत नाही. कमी व्याजाचा एक शिक्षणनिधी उभारणे आपल्या आवाक्याबाहेरचे नाही.

आणि जी मुले जातील, त्यांनी कोठे राहावे हे आम्ही ठरवणार नाही. तेथे राहिले तरी आपल्या मागून येणाऱ्याला योग्य पत्ता, खरी माहिती आणि चार दिवसांचा आसरा देणे त्यांच्या हाती आहे. रोझेलच्या कार्पेंटरबाईंनी याहून फार वेगळे काय केले होते?