पीएच.डी.ची व्यवस्था आणि संशोधनाचा प्रश्न

एम.ए.ची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर पुढे पीएच.डी. करावी, असा विचार आपल्या विभागातील पुष्कळ विद्यार्थ्यांच्या मनात येतो. परंतु या पदवीची व्यवस्था कशी आहे, तिच्यासाठी अर्ज कसा करावयाचा आणि अर्जापूर्वी कोणती तयारी हाती असावयास हवी, याविषयीची कल्पना बहुधा अस्पष्ट असते. नियम कोणासही वाचावयास मिळतात. त्यांच्यामागील क्रम आणि हेतू मात्र नियमांत सांगितलेला नसतो. प्रस्तुत लेखात भारतातील पीएच.डी.ची सध्याची रचना थोडक्यात सांगून, तिच्यातील कोणता भाग नियमांनी ठरविला आहे व कोणता विद्यार्थ्याने स्वतः ठरवावयाचा आहे, याचा विचार करावयाचा आहे. उदाहरण मराठी भाषाविज्ञानातील घेतले आहे. तथापि मुख्य मुद्दा इतर विषयांसही लागू पडेल.

१. नियमांची चौकट

पीएच.डी.चे किमान मानदंड विद्यापीठ अनुदान आयोग ठरवितो. आयोगाने या संबंधात २००९ व २०१६ साली विनियम केले होते. त्यांची जागा नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विनियमांनी घेतली. प्रत्येक विद्यापीठ या चौकटीत राहून आपले तपशीलवार नियम करते. म्हणून आयोगाचे विनियम आणि ज्या विद्यापीठात प्रवेश घ्यावयाचा त्याचे नियम, असे दोन्ही कागद उमेदवाराने वाचले पाहिजेत.

प्रवेशासाठी पदव्युत्तर परीक्षेत किमान ५५ टक्के गुण लागतात. चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यासही आता थेट प्रवेश घेता येतो. त्यासाठी ७५ टक्के गुणांची अट आहे. अनुसूचित जाती व जमाती, उन्नत गट वगळता इतर मागासवर्ग, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक आणि दिव्यांग यांना या अटींत ५ टक्क्यांची सवलत मिळते.

कालमर्यादा किमान ३ वर्षांची व कमाल ६ वर्षांची आहे. पुनर्नोंदणी करून आणखी २ वर्षे मिळू शकतात. परंतु एकूण काळ ८ वर्षांहून अधिक होता कामा नये. स्त्रियांना व ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना याखेरीज २ वर्षांची सवलत आहे. नोकरी सांभाळून अर्धवेळ संशोधन करण्याचीही मुभा आहे. मात्र त्यासाठी नोकरीच्या ठिकाणचे ना हरकत प्रमाणपत्र जोडावे लागते.

२०२२ च्या विनियमांनी केलेला आणखी एक बदल विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. एम.फिल.ची पदवी बंद झाली. या पदवीविषयी मतभेद होते, आणि तिचे ओझे झाले होते असे म्हणणारेही होते. तथापि तिचा एक उपयोग निश्चित होता. लहानसा प्रश्न घेऊन, ठराविक मुदतीत, शंभर-दीडशे पृष्ठांत त्याचा निकाल लावण्याचा सराव विद्यार्थ्यास तेथे मिळत असे. आता तो सराव न होताच विद्यार्थी मोठ्या कामाला लागतो आणि प्रवेशाच्या दिवसापासून त्याची सहा वर्षे मोजली जाऊ लागतात. प्रश्न लहान करण्याची जी विद्या पूर्वी एम.फिल.मध्ये शिकता येत असे, ती आता अर्जापूर्वीच अंगी आणावी लागते.

२. प्रवेशाचे मार्ग

प्रवेशाचे मार्ग मुख्यतः दोन. पहिला नेट परीक्षेचा. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळविलेल्या उमेदवाराची निवड मुलाखतीवर होते. २०२४-२५ या सत्रापासून नेटचा निकाल तीन वर्गांत लागतो : अधिछात्रवृत्तीस पात्र, सहायक प्राध्यापकपदास पात्र आणि केवळ पीएच.डी. प्रवेशास पात्र. पहिल्या दोन्ही वर्गांतील उमेदवार प्रवेशासही पात्र असतात. दुसऱ्या व तिसऱ्या वर्गातील उमेदवारांच्या बाबतीत नेटच्या गुणांना ७० टक्के व मुलाखतीस ३० टक्के भार असतो, आणि प्रवेशापुरते हे गुण एकच वर्ष ग्राह्य धरले जातात. दुसरा मार्ग विद्यापीठाच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षेचा. मुंबई व पुणे येथील विद्यार्थ्यांना ती ‘पेट’ या नावाने परिचित आहे. विनियमांप्रमाणे अशा परीक्षेत निम्मे प्रश्न संशोधनपद्धतीवर व निम्मे विषयावर असतात. कोणते विद्यापीठ कोणत्या वर्षी कोणता मार्ग स्वीकारते, हे त्याच्या प्रवेशसूचनेत पाहावे.

अधिछात्रवृत्तीची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून पहिल्या दोन वर्षांसाठी दरमहा ३७,००० रुपये व त्यानंतर ४२,००० रुपये करण्यात आली. महाराष्ट्रात याखेरीज बार्टी, सारथी, महाज्योती यांसारख्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. त्यांच्या जाहिराती स्वतंत्रपणे निघतात. विद्यापीठातील प्रवेशाबरोबर त्या आपोआप मिळत नाहीत.

मुलाखतीत काय पाहिले जाते? २०१६ च्या विनियमांत यासाठी तीन कसोट्या नमूद केल्या होत्या, आणि आजही त्यांहून नेमक्या कसोट्या सांगणे कठीण आहे. नियोजित संशोधनास लागणारी पात्रता उमेदवारात आहे काय? ते संशोधन या संस्थेत नीट होऊ शकेल काय? त्यातून ज्ञानात काही भर पडेल काय? या तिन्ही प्रश्नांचे उत्तर उमेदवाराच्या गुणपत्रिकेत नसते. ते त्याच्या संशोधन-आराखड्यात असते.

३. विषय आणि प्रश्न

येथेच बहुतेक अर्ज अडखळतात. नोंदणी विषयाची होते, परंतु संशोधन प्रश्नाचे असते. ‘वऱ्हाडी बोलीचा भाषावैज्ञानिक अभ्यास’ हा विषय झाला. त्यात चूक काही नाही. परंतु हे काम कोठे संपावयाचे, हे त्या शीर्षकावरून सांगता येत नाही. ज्या कामाला शेवट नाही त्याला सहा वर्षेही अपुरी पडतात, आणि मग मुदतीच्या अखेरीस हाती आलेली माहिती प्रकरणांत वाटून प्रबंध उभा करावा लागतो.

उदाहरणार्थ, मराठीतील एक परिचित रूप घेऊ. ‘रामाने पोळी खाल्ली’ या वाक्यात क्रियापद कर्माप्रमाणे चालते. ‘तू पोळी खाल्लीस’ या वाक्यातही ते कर्माप्रमाणेच चालते. पोळीच्या जागी आंबा आला की ‘खाल्लास’ होते. परंतु शेवटी जो ‘स’ येतो तो कर्माचा नव्हे, तो ‘तू’ या कर्त्याचा. म्हणजे एकाच क्रियापदात लिंगवचन एकाचे व पुरुष दुसऱ्याचा, अशी स्थिती होते. ‘तू गेलास’ यात मात्र लिंगवचन व पुरुष दोन्ही कर्त्याचेच. आता बोलण्यात ‘तू पोळी खाल्ली’ आणि ‘तू कधी आला’ अशी ‘स’रहित रूपेही ऐकू येतात. यावरून विचारता येईल : अमुक तालुक्यातील दोन पिढ्यांच्या बोलण्यात हा ‘स’ सकर्मक क्रियापदांवरून आधी गळतो की अकर्मक क्रियापदांवरूनही त्याच प्रमाणात गळतो?

हा प्रश्न झाला. त्यासाठी कोणती सामग्री लागेल, हे त्याच्या शब्दांतच आहे : दोन वयोगटांतील व्यक्तींच्या सहज संभाषणांचे ध्वनिमुद्रण आणि रूपांची मोजणी. काम कोठे संपते, हेही त्यात आहे. मुख्य म्हणजे त्याचे उत्तर ‘दोन्हींत काही फरक नाही’ असेही येऊ शकते. ज्या प्रश्नाचे उत्तर आपल्या अपेक्षेविरुद्ध येऊच शकत नाही, तो संशोधनाचा प्रश्न नव्हे. तो आधीच बांधलेल्या मताचा विस्तार होय.

लहान प्रश्न म्हणजे क्षुद्र प्रश्न, असा एक गैरसमज आहे. वरील प्रश्नाच्या पाठीमागे क्रियापद नेमके कोणाशी अन्वय राखते, हा व्याकरणातील मोठा प्रश्न उभा आहे. लहान प्रश्न हे त्या मोठ्या प्रश्नात शिरण्याचे दार होय. दाराची रुंदी माणूस आत जाण्यापुरती असली म्हणजे पुरे.

प्रश्न असा आकारास आला म्हणजे पूर्वाभ्यासही सुकर होतो. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा-पाहणीचा मराठीवरील सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. १९६० च्या दशकात अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींच्या पाहणीची ग्रंथमाला सिद्ध केली. अलीकडे डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने मराठी बोलींचे सर्वेक्षण केले आहे. ‘वऱ्हाडी’ असा नुसता विषय घेऊन या ग्रंथांकडे जाणारा विद्यार्थी सर्वच टिपून घेतो. प्रश्न घेऊन जाणारा आपल्या उपयोगाची दहा पाने वेगळी काढतो.

४. मार्गदर्शकाची निवड

एका वेळी प्राध्यापकास ८, सहयोगी प्राध्यापकास ६ व सहायक प्राध्यापकास ४ संशोधकांना मार्गदर्शन करता येते. सेवानिवृत्तीस तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या अध्यापकास नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. त्यामुळे रिक्त जागांची यादी हीच प्रथम पाहावयाची गोष्ट होय. ज्यांच्याकडे जागा नाही त्यांच्या भरवशावर आराखडा रचण्यात अर्थ नाही.

मार्गदर्शकास पत्र लिहिताना ‘आपल्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. करण्याची इच्छा आहे’ एवढेच लिहिले, तर त्यास उत्तर देणे अवघड असते. त्याऐवजी एका पृष्ठात आपला प्रश्न, तो का सुचला, त्यावर पूर्वी काय झाले आहे व सामग्री कोठून मिळेल, एवढे लिहावे. तत्पूर्वी त्यांचे दोन लेख आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचे एक-दोन प्रबंध चाळावेत. भारतीय विद्यापीठांतील प्रबंध ‘शोधगंगा’ या संग्रहात कोणासही पाहता येतात. यशस्वी झालेला प्रबंध प्रत्यक्ष कसा असतो, हे विद्यार्थ्यांना बहुधा ऐकूनच माहीत असते. तो समोर ठेवून वाचल्यास पुष्कळ भीती व पुष्कळ भ्रम एकदमच जातात.

५. नोंदणीपासून पदवीपर्यंत

प्रवेशानंतर किमान १२ श्रेयांकांचे कोर्सवर्क असते. त्यात संशोधन व प्रकाशन यांच्या नीतीचा भाग आवश्यक आहे, आणि किमान ५५ टक्के गुण मिळवावे लागतात. कोर्सवर्क म्हणजे एम.ए.ची पुनरावृत्ती असे मानून ते उरकणाऱ्याचा तोटा होतो, एम.फिल. गेल्यानंतर आराखडा जाणत्यांसमोर तपासून घेण्याची हीच पहिली संधी उरली आहे. पुढे प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावयाची असते. ‘काम चालू आहे’ एवढ्यावर सत्र निभावले, तरी त्या सत्राचे महिने सहा वर्षांतून वजा होतातच.

प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध प्रसिद्ध करण्याची जी अट २०१६ च्या विनियमांत होती, ती २०२२ मध्ये काढण्यात आली. तथापि एखादे प्रकरण निबंधरूपाने तज्ज्ञांच्या नजरेखालून जाणे हे संशोधकाच्याच हिताचे आहे. वाङ्मयचौर्यासंबंधीचे विनियम २०१८ चे आहेत : साम्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही, त्यापुढे प्रबंध दुरुस्त करून देणे, एक वर्ष सादर करण्यास बंदी, आणि ६० टक्क्यांवर नोंदणीच रद्द होणे, अशा पायऱ्या आहेत.

सादर झालेला प्रबंध मार्गदर्शकाखेरीज किमान दोन बाह्य परीक्षकांकडे जातो. त्यांपैकी एकाचा अभिप्राय प्रतिकूल आला, तर तो तिसऱ्या परीक्षकाकडे पाठविला जातो. अभिप्राय अनुकूल आल्यावर मौखिक परीक्षा होते. ती खुली असते. विभागातील अध्यापक व इतर संशोधकही तेथे उपस्थित राहू शकतात. नव्या विद्यार्थ्यांनी अशा एक-दोन परीक्षा आवर्जून ऐकाव्यात. तेथे परीक्षक फिरून फिरून जे विचारतात ते हेच की, आपला प्रश्न कोणता होता आणि त्याचे उत्तर कोणते मिळाले.

सारांश, पात्रता, मुदत, समित्या, परीक्षक ही सर्व व्यवस्था नियमांनी सिद्ध केली आहे, आणि ती पार पाडणे हे विद्यापीठाचे काम आहे. प्रश्न ठरविणे ही एकच गोष्ट नियमांनी विद्यार्थ्यावर सोपविली आहे. म्हणून पुढील प्रवेशसूचनेची वाट पाहत असलेल्या विद्यार्थ्याने अर्जाच्या नमुन्याआधी एक कोरा कागद घ्यावा, आपला प्रश्न शेवटी प्रश्नचिन्ह येईल अशा एका वाक्यात लिहावा, आणि ते वाक्य घेऊन विभागातील कोणाही अध्यापकाकडे यावे. ते खोडले जाईल, पुन्हा लिहिले जाईल, परंतु पीएच.डी.च्या कामास त्या दिवशी आरंभ झाला, असे खुशाल समजावे.